किंग्ज पार्कचे दावेदार

डर्बन हे शहर मराठी क्रिकेटवेड्यांना एका शतकामुळे माहीत आहे. नोव्हेंबर १९९२मध्ये भारतीय संघ दक्षिण आफ्रिकेतला आपला पहिलावहिला कसोटी सामना तिथल्या किंग्जमीड मैदानावर खेळला आणि आचरेकर सरांचा शिष्य प्रवीण आमरे याने पदार्पणातच १०३ धावा ठोकल्या. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी त्याच शहराच्या रग्बी संघाने जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर जाऊन ट्रान्सवालला १४-१३ असं हरवलं होतं आणि तीन वर्षांत दुसऱ्यांदा करी कप घरी आणला होता. आपल्याकडे त्याची कुणाला गंधवार्ताही नव्हती. आमरे ज्या किंग्जमीडवर खेळला, तिथेच १९५६ साली हा रग्बी संघ करी कपची अंतिम लढत ९-८ अशी हरला होता, हे तर आपल्या क्रिकेट समालोचकांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

हे पुस्तक त्या संघाचं आहे. १८९०मध्ये नाताळ रग्बी युनियन स्थापन झाली, तेव्हापासून त्याचा वंश सुरू होतो. जग आज त्याला शार्क्स म्हणून ओळखतं. काळी-पांढरी जर्सी, किंग्ज पार्क हे घर, आणि हिंदी महासागर हाकेच्या अंतरावर.

मराठीत रग्बीवर पुस्तक कशाला, हा प्रश्न रास्त आहे. बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर हा खेळ इंग्रजांच्या काळापासून चालत आला, पुण्यातही तो खेळला जातो. तरी फोर्टातून जाणाऱ्या शंभरांतल्या नव्वद माणसांना कुंपणापलीकडे चाललेली झटापट काय आहे हे सांगता येणार नाही. बहुतेकांची ओळख ‘इन्व्हिक्टस’ या चित्रपटापुरती: सहा क्रमांकाची जर्सी घातलेले नेल्सन मंडेला, त्यांच्या हातून चषक घेणारा फ्रान्स्वा पिनार, टाळ्या. चित्रपट चांगला आहे. पण त्याने एक गैरसमजही रुजवला, की दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बीचा सगळा गुंता जून १९९५च्या एका दुपारी सुटला. तो तसा सुटलेला नाही, आणि कुठे, किती, कसा सुटला हे पाहायचं असेल तर राष्ट्रीय संघापेक्षा एखाद्या प्रांताचा संघ हाताशी घ्यावा. राष्ट्रीय संघ चार वर्षांतून एकदा इतिहास घडवतो, प्रांताचा संघ दर शनिवारी लोकांच्या समोर असतो.

खेळाचे नियम पुढे येतीलच. इथे लागतील तेवढेच सांगतो. एकेका बाजूला पंधरा खेळाडू, ऐंशी मिनिटं. चेंडू हातात घेऊन पळता येतं, लाथाडता येतो, पण हाताने पुढे फेकता येत नाही, पास मागेच द्यायचा. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे पाच गुण. त्यानंतर खांबांमधून किक मारली तर आणखी दोन. पेनल्टी किकचे तीन. शेवटचा नियम जास्त महत्त्वाचा: ऐंशी मिनिटं भरल्याचा भोंगा वाजला तरी चेंडू खेळात आहे तोवर सामना संपत नाही. या एका नियमाने डर्बनचं काय केलं, ते पुढे येतंच.

सबंध पुस्तकाला व्यापून राहिलेला प्रश्न असा: हा संघ कोणाचा? एकशेतीस वर्षांत त्याचं उत्तर किती वेळा बदललं, कुणी बदललं आणि कुणाला विचारून, याचा हा इतिहास आहे. करंडक अधूनमधून येतात.

करी कप म्हणजे दक्षिण आफ्रिकेची रणजी स्पर्धा म्हणा. सर डोनल्ड करी हे जहाजकंपनीचे मालक. १८९१मध्ये ब्रिटिश संघ दौऱ्यावर आला तेव्हा त्यांनी एक सोन्याचा मुलामा दिलेला चषक धाडला, पाहुण्यांना सर्वांत चांगली टक्कर देणाऱ्या संघासाठी. तो ग्रिकालँड वेस्टला मिळाला, त्यांनी तो स्पर्धेसाठी दिला, आणि १८९२पासून प्रांतांची झुंज सुरू झाली. त्या झुंजीत नाताळ पहिली अठ्ठ्याण्णव वर्षं कोरडा राहिला. केपटाऊनचा वेस्टर्न प्रॉव्हिन्स, प्रिटोरियाचा नॉर्दर्न ट्रान्सवाल हे सरदार. नाताळ हे मांडलिक. ‘बनाना बॉइज’ असं त्यांना हिणवलं जाई, कारण प्रांत केळी-उसाचा. पुढे त्यांनी ते नाव हौसेने मिरवलं, पण आधी ते हिणवणंच होतं.

त्यामागे राजकारणही होतं. रग्बी हा विसाव्या शतकात आफ्रिकानेर अस्मितेचा खेळ झाला; नाताळचे गोरे मात्र इंग्रजी बोलणारे, राणीशी निष्ठा सांगणारे. ऑक्टोबर १९६०मध्ये प्रजासत्ताकासाठी सार्वमत झालं, मतदार अर्थात फक्त गोरे. देशाने निसटता होकार दिला. नाताळमध्ये तीन-चतुर्थांश मतं विरोधात पडली. असा विरोधी कौल देणारा हा एकमेव प्रांत. म्हणजे ज्या खेळाला सत्ताधाऱ्यांनी राष्ट्रधर्म मानलं होतं, त्यात नाताळ सावत्र भावासारखा वाढला. बी गटात फेकला जाणं, परत वर येणं, हे त्याचं नेहमीचं. १९८४मध्ये तर बी गटातून येऊन त्यांनी थेट अंतिम सामना गाठला आणि केपटाऊनच्या न्यूलँड्सवर वेस्टर्न प्रॉव्हिन्सकडून १९-९ असा मार खाल्ला. जुने डर्बनकर त्या पराभवाबद्दल अजून अभिमानाने बोलतात. हरलेल्या सामन्याचा अभिमान बाळगण्याची या शहराला सवयच आहे.

पण गोऱ्यांमधली ही भाऊबंदकी सांगून थांबणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं. डर्बन हे शहर कधीच फक्त गोऱ्यांचं नव्हतं. ते झुलूंच्या मुलखातलं शहर. नोव्हेंबर १८६०मध्ये मद्रासहून ‘ट्रुरो’ नावाचं जहाज आलं आणि गिरमिटियांची रांग लागली. नाताळचा ऊस त्यांनी पिकवला. गिरमिटाची मुदत संपूनही जे परत गेले नाहीत त्यांच्यावर तीन पौंडांचा डोईकर बसला. या कराविरुद्ध बोलायला १९१२मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, डर्बनलाही गेले, पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना भेटले. योगायोग असा की नेमक्या त्याच महिन्यांत बिली मिलरच्या नेतृत्वाखाली स्प्रिंगबॉक, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्रीय रग्बी संघ, ब्रिटनचा दौरा करत होता. दोन जहाजं, दोन दिशा. दोन्ही घटना एका देशाच्या इतिहासात आहेत, पण एका पुस्तकात क्वचितच सापडतात.

डर्बनच्या भारतीयांनी फुटबॉल आणि क्रिकेट जवळ केलं. रग्बीकडे ते फारसे वळले नाहीत. वळते तरी नाताळच्या जर्सीत त्यांना जागा नव्हती. कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय खेळाडूंच्या स्वतंत्र संघटना होत्या, १८९७पासून होत्या, त्यांच्या स्पर्धा होत्या, नामांकित खेळाडू होते. सत्तरच्या दशकात ‘साकॉस’ या वर्णभेदविरोधी क्रीडासंघटनेने भूमिका घेतली की समाज विकृत असताना खेळ निकोप असूच शकत नाही, आणि गोऱ्यांच्या रग्बीवर बहिष्कार टाकला. मैदानावर जे गेले ते काळ्यांसाठी राखलेल्या कोपऱ्यात उभे राहून पाहुण्या संघाच्या बाजूने ओरडले. न्यूझीलंडचा किंवा ब्रिटनचा संघ आला की हे दृश्य देशभर दिसे. आपल्याच गावच्या मैदानावर परक्यांसाठी घसा फोडणारी ती माणसं या इतिहासातली महत्त्वाची पात्रं आहेत, आणि क्लबच्या स्मरणिकांमध्ये त्यांचा उल्लेख सापडायचा नाही. १९९२मध्ये दोन्ही बाजूंच्या संघटना एक झाल्या, डॅनी क्रेव्हन आणि इब्राहिम पटेल संयुक्त अध्यक्ष झाले. कागदावरची एकी ती.

दरम्यान १९९० उजाडलं होतं. फेब्रुवारीत मंडेला सुटले. सप्टेंबरात नाताळ, युनियनच्या शताब्दीच्या वर्षी, प्रिटोरियाच्या लॉफ्टस व्हर्सफेल्डवर नास बोथाच्या नॉर्दर्न ट्रान्सवालसमोर उभा राहिला. कुणीही नाताळवर पैसे लावले नसते. प्रशिक्षक इयन मॅकिंटॉश हे मूळचे रोडेशियाचे. त्यांच्या रग्बीचं सूत्र सरळ होतं: आडवं पळत बसू नका, समोरची रेषा ओलांडा, मग पुढचं बघू. टीकाकार याला बुद्धी नसलेली रग्बी म्हणत. टोनी वॉटसनने ट्राय केली, जोएल स्ट्रान्स्कीने किका मारल्या, क्रेग जेमीसनच्या संघाने १८-१२ने चषक उचलला. हाच स्ट्रान्स्की पाच वर्षांनी ड्रॉप गोल मारून देशाला विश्वचषक देणार होता, पण तोवर तो केपटाऊनला गेला होता. नाताळने घडवायचं आणि दुसऱ्याने मिरवायचं, असं पुष्कळदा झालं. उलटही झालं, म्हणून तक्रारीला फार जागा नाही.

१९९०, १९९२, १९९५, १९९६. सात हंगामांत चार करंडक. शंभर वर्षं वाट पाहिलेल्या प्रांताला अचानक जिंकायची चटक लागली. आंद्रे जुबेर, जेम्स स्मॉल, हेन्री हॉनिबॉल, कप्तान गॅरी टाइशमन (जन्म रोडेशियातला, पुन्हा) या मंडळींवर पुस्तकात सविस्तर प्रकरणं आहेत. माझा कल हॉनिबॉलकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. त्या काळी दहा क्रमांकाचा खेळाडू म्हणजे नाजूक काम. हा दहा क्रमांकी धिप्पाड शेतकरी समोरून येणाऱ्या आगगाड्या अंगावर घेई.

किंग्ज पार्कवरचा सर्वांत मोठा दिवस मात्र नाताळचा नव्हता. १७ जून १९९५, विश्वचषकाची उपांत्य फेरी, दक्षिण आफ्रिका विरुद्ध फ्रान्स. डर्बनला त्या दिवशी आभाळ फाटलं. मैदानाचं तळं झालं, सामना लांबत गेला. सामना झालाच नाही तर शिस्तीच्या निकषावर फ्रान्स पुढे जाणार होता, कारण आधी कॅनडाविरुद्ध जेम्स डाल्टनला लाल कार्ड मिळालं होतं. अशा वेळी मैदानात कोण उतरावं? साफसफाई करणाऱ्या काळ्या बायका, हातात झाडू. हजारो प्रेक्षकांसमोर त्या रांगेने पाणी हटवत राहिल्या. झाडूने तळं आटत नाही, हे त्यांनाही कळत असणार. अखेर सामना झाला, १९-१५ने यजमान जिंकले, अब्देल बेनाझी शेवटी रेषेपासून वीतभर अंतरावर अडला. त्या विश्वचषकाच्या वर्णनांत मंडेलांची जर्सी सगळ्यांना आठवते. त्या बायकांशिवाय जर्सीचा प्रसंग आलाच नसता असं कुणी म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

त्या सामन्यातले फ्रान्सचे पंधराच्या पंधरा गुण तिएरी लाक्रोआने मिळवले होते. काही महिन्यांतच तो आणि त्याचा संघसोबती ऑलिव्हिए रुमा नाताळच्या जर्सीत दिसू लागले. हे शक्य झालं, कारण मधल्या काळात ऑगस्ट १९९५मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने हौशीपणाचा नियमच मोडीत काढला. जूनमध्येच माध्यमसम्राट मरडॉक यांच्या कंपनीने न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या मंडळांशी दहा वर्षांचा ५५ कोटी डॉलरचा प्रक्षेपण-करार जाहीर केला होता. १९९६ला या तीन देशांतल्या संघांची सुपर १२ स्पर्धा सुरू झाली आणि नाताळचे झाले शार्क्स.

या नावात एक गंमत आहे. डिसेंबर १९५७ ते एप्रिल १९५८ या काळात नाताळच्या किनाऱ्यावर शार्कच्या हल्ल्यांत माणसं दगावली, पर्यटक पळाले, हॉटेलं ओस पडली. पुढे १९६४मध्ये समुद्रात जाळी लावण्यासाठी सरकारी मंडळच स्थापन झालं. ज्या प्राण्याला दूर ठेवायला शहराने इतका खर्च केला, त्याचंच नाव त्याने आपल्या लाडक्या संघाला दिलं. आणि किंग्ज पार्कचं स्टेडियम उघडलं ते १९५८ला, त्या भीषण उन्हाळ्याच्याच वर्षी.

नाव खपलं. रग्बीचा सामना हा सहकुटुंब सोहळा करण्याचं काम डर्बनने देशात सर्वांत आधी आणि सर्वांत नेटकं केलं. सामना सुटला की लोक घरी जात नसत. स्टेडियमच्या बाहेरच्या मैदानांवर गाड्यांच्या रांगा, डिकी उघडी, कोळसा पेटलेला, जाळीवर बुरेवोर्स सॉसेजची वेटोळी चुरचुरताहेत, शीतपेट्यांतून बिअर निघते आहे. पोरं अंधार पडेस्तोवर अंडाकृती चेंडूच्या मागे. खाण्याच्या गाड्यांवर बनी चाव: पावाचा अर्धा लोफ आतून पोखरून त्यात झणझणीत मटण भरलेलं, डर्बनच्या भारतीयांची देणगी. उसाच्या मळ्यातल्या माणसांच्या नातवंडांचा या मैदानात प्रवेश आधी असा, खाण्याच्या वाटेने झाला. प्रेक्षकांत ते नंतर आले. खेळाडूंत फारसे आलेच नाहीत.

जिंकण्याचं म्हणाल, तर सुपर स्पर्धेने डर्बनला कायम उंबऱ्यावरून परत पाठवलं. १९९६ला ऑकलंडमध्ये, २००१ला कॅनबेरात. आदल्या वर्षी तळाला असलेला संघ रुडॉल्फ स्ट्रॉयली यांच्या हाताखाली अंतिम फेरीत पोचला, एवढंच २००१चं समाधान. २०१२ची कथा तर भूगोलाच्या धड्यासारखी: डर्बनहून ब्रिस्बेन, तिथे जिंकून केपटाऊन, तिथे जिंकून न्यूझीलंडचं हॅमिल्टन. तीन आठवडे, महासागर पुन्हापुन्हा ओलांडणं, आणि शेवटी थकलेल्या पायांनी तिथल्या चीफ्सकडून ३७-६. त्या निकालावर मी फार शब्द खर्च केलेले नाहीत. विमानप्रवासाने हरवलं, चीफ्सने फक्त सही केली.

पण १९ मे २००७! सुपर १४चा अंतिम सामना, आणि तोही घरी. कप्तान जॉन स्मिट, प्रशिक्षक डिक म्यूर, समोर प्रिटोरियाचे बुल्स. शार्क्स १४-१३ने पुढे. शेवटच्या मिनिटांत आल्बर्ट फान डेन बर्ग चेंडूसकट रेषेपलीकडे कोसळला: १९-१३. किंग्ज पार्कवर लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. आता उरली किक. ती गेली तर आघाडी आठची, म्हणजे बुल्सना ट्राय आणि किक मिळूनही पुरणार नाही. फ्रान्स्वा स्टेन पाचच दिवसांपूर्वी वीस वर्षांचा झाला होता. त्याची किक हुकली. तरीही सहा गुण हातात, घड्याळ संपत आलेलं. भोंगा वाजला, पण चेंडू बुल्सकडे आणि जिवंत. ते तो सोडेनात. एकीकडून दुसरीकडे, पुन्हा परत. काळ्या जर्सीतले बचावपटू पाय ओढत जागा भरताहेत. मग चेंडू उजव्या कडेला ब्रायन हबानाकडे आला. त्याने बाहेर धावण्याऐवजी आत वळण घेतलं आणि दमलेल्या माणसांमधल्या फटीतून तो सरळ रेषेपर्यंत गेला. १९-१८. डेरिक हौगार्डची किक खांबांमधून गेली. १९-२०.

पाच महिन्यांनी पॅरिसमध्ये जॉन स्मिटने विश्वचषक उचलला. इंग्लंडविरुद्धचे दक्षिण आफ्रिकेचे सगळे १५ गुण दोघांच्या पायातून आले: पर्सी माँटगोमरी १२, फ्रान्स्वा स्टेन ३. दोघेही शार्क्स.

पुढचे करी कप (२००८, २०१०, २०१३, २०१८) वाचकांना आपापल्या जागी सापडतील. २०१०च्या अंतिम सामन्यात पॅट लँबीने एकट्याने २५ गुण केले, त्यासाठी तेवढं प्रकरण वाचावंच. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो या काळात बदललेला चेहरा. हरारेहून आलेला तेंडाई म्तावारिरा, ज्याला सगळं स्टेडियम ‘बीऽऽस्ट’ म्हणून हाक मारी, तो ११७ कसोटी सामने खेळला. तो मूळचा परदेशी म्हणून २०१०मध्ये त्याच्या नागरिकत्वावरून वादही झाला. गोरा टाइशमनही सीमेपलीकडेच जन्मला होता. त्याचा जन्मदाखला कुणी मागितल्याचं आढळत नाही. आणि २ नोव्हेंबर २०१९, योकोहामा: दक्षिण आफ्रिकेने १९९५ आणि २००७चे विश्वचषक अंतिम सामन्यात एकही ट्राय न करता जिंकले होते. पहिली ट्राय झाली ती माकाझोले मापिम्पीची, लुखान्यो आमच्या पासवर. दोघे ईस्टर्न केपमधले, दोघेही डर्बनच्या संघाचे. ज्या खेळात त्यांच्या आजोबांना परक्यांसाठी ओरडावं लागलं, त्या खेळातली ही ट्राय.

तरी ‘संघ कोणाचा’ याचं उत्तर इथेही मिळत नाही. जानेवारी २०२१मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिली करणाऱ्या मार्को मासोटी यांच्या गुंतवणूकदार गटाने शार्क्सचा ५१ टक्के हिस्सा घेतला. लगोलग राष्ट्रीय संघाचा विश्वविजेता कप्तान सिया कोलिसी आला, मग गेला पॅरिसला, मग २०२४मध्ये परतला. संघ आता आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि इटलीच्या संघांशी लीग खेळतो. मे २०२४मध्ये क्लेरमाँला ३२-३१ असं हरवून आणि लंडनच्या टॉटनहॅम स्टेडियमवर ग्लॉस्टरला ३६-२२ असं नमवून त्याने चॅलेंज कप जिंकला. युरोपचा करंडक मिळवणारा हा पहिला दक्षिण आफ्रिकी संघ. सप्टेंबरात एलिस पार्कवर जॉर्डन हेंड्रिक्सेच्या अगदी शेवटच्या लांबलचक किकने जोहान्सबर्गच्या लायन्सना १६-१४ हरवून करी कपही आला. पैसा नुसता वाईट असतो असं मी म्हणणार नाही. त्याने खेळाडू टिकवले. पण ज्या मैदानांवर पूर्वी बापलेक शेगडी पेटवायचे, तिथला गर्दीचा जुना ओघ भागधारकांच्या बैठकीत ठराव करून परत येत नाही.

हे पुस्तक शार्क्सच्या चाहत्याने लिहिलेलं आहे, तेव्हा बुल्सबद्दलचा मजकूर चिमूटभर मीठ घेऊन वाचावा. सामन्यांचे निकाल शेवटी दिले आहेत आणि घाई असलेल्यांनी खुशाल तिथून सुरुवात करावी; मात्र १९९०पूर्वीची प्रकरणं कंटाळवाणी समजून ओलांडू नयेत, एवढी विनंती.